सोड्यानं धुतलेले डबे

बॅटरीमामाचे शर्ट पोटावर चाळणीसारखे असायचे. ॲसिडचा थेंब उडतो तेव्हा काही दिसत नाही, काही जाणवत नाही. शर्ट धुवून दोरीवर पडला की मग त्याचा पराक्रम उजेडात येतो. त्याची ताई तो शर्ट उन्हासमोर धरायची, भोकांतून आभाळ बघायची आणि म्हणायची, "फेकू नकोस रे. पीठ चाळायला होईल."

खरं तर तो मामा एकाच पोरीचा, ताईच्या चिऊचा. पण चिऊ लहानपणी दुकानाच्या दारात उभी राहून "मामाऽ" अशी हाळी द्यायची. ती ऐकून ऐकून ट्रकवाले, टॅक्सीवाले, समोरचा न्हावी, वरच्या मजल्यावरची शिंपीणबाई, सगळेच त्याला मामा म्हणायला लागले. लग्नाचं राहून गेलं ते राहूनच गेलं. कुणी टोकलंच तर म्हणायचा, "हाताला गंधकाचा वास येतो माझ्या. कोण देईल पोरगी?" वास यायचा हे खरं, बाकी सबब. आई गेली तेव्हा तो नाक पुसता न येण्याएवढा लहान होता. ताईनं त्याला वाढवला. पुढं ताईचा नवरा अचानक गेला तेव्हा चिऊला वाढवायला यानं हातभार लावला. त्यातच केस पांढरे झाले.

दुकान म्हणजे बोळातली एक लांबट खोली. पुढं काउंटर, मागं मोरी, आणि एका भिंतीला जाड लाकडी फळी. फळीवर बॅटऱ्या ओळीनं बसलेल्या, चार्जरच्या लाल-काळ्या चिमट्यांनी जखडलेल्या, झाकणं सैल केलेली, आतून बारीक बुडबुड चाललेली. मामा सकाळी आला की एकेकीच्या पोटात काचेची नळी घालून पाणी वर ओढायचा, आतला तरंगता काटा डोळ्यांसमोर धरायचा आणि त्यांच्याशी बोलायचा. "काय गं, धुगधुगी आहे म्हणायची अजून." नाहीतर, "हिचं काही खरं नाही. एक सेल बसला हिचा."

कामात पक्का होता. फळीजवळ कुणाला काडी ओढू द्यायचा नाही. "ही बुडबुड साधी नाही बाबा. बिडी पेटवलीस तर मिशा शोधायला पलीकडच्या गल्लीत जावं लागेल." तार सोडवताना आधी निगेटिव्ह, जोडताना निगेटिव्ह शेवटी. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडात कधी नाही. डोळ्यांवर चष्मा. आणि उडालंच डोळ्यात तर नळाखाली डोकं धरायचं, कंटाळा येईपर्यंत, आणि कंटाळा आल्यावरही.

एवढं सगळं येत होतं, आणि तरी त्याच्या हातून जी चूक झाली ती दुसऱ्या कुठल्या धंद्यातल्या माणसाच्या हातून झालीच नसती.

मेलेली बॅटरी उघडून बघायची त्याची जुनी खोड. वरचं डांबर तापवून मऊ करायचं, आतल्या प्लेटा उपसायच्या, एखादा सेल धड असेल तर त्याला दुसऱ्या बॅटरीत संसार थाटून द्यायचा, बाकीचं शिसं भंगारात. मागं उरायचा तो नुसता डबा. ट्रकच्या बॅटरीचा डबा म्हणजे काळा, जाड, आपटला तरी न फुटणारा, आत कप्पे पाडलेले. इतकी देखणी वस्तू टाकायला मामाचा हात धजायचा नाही. तो डबा मोरीत न्यायचा आणि त्यात मूठभर खायचा सोडा टाकायचा. ॲसिडवर सोडा पडला की फसफसून फेस वर येतो. तो ओतायचा, पुन्हा सोडा टाकायचा, पुन्हा फेस, आधीपेक्षा कमी. असं करत करत एकदा सोडा पडतो आणि काहीच होत नाही. फेस थांबला की डबा स्वच्छ, हे त्याला त्याच्या उस्तादानं शिकवलं होतं आणि उस्तादाला त्याच्या उस्तादानं. खात्रीला म्हणून मामा आतून एक बोट फिरवून जिभेला लावायचा. आंबट लागलं नाही की झालं.

असे डबे त्यानं आयुष्यभर वाटले. शिंपीणबाईला कात्र्या आणि रिळं ठेवायला, न्हाव्याला गुलाब लावायला, कोणाकोणाला कशाकशाला. आणि सगळ्यात जास्त ताईला.

ताईच्या गच्चीवर काळ्या डब्यांची पलटण उभी होती. एका कप्प्यात पालक, दुसऱ्यात कोथिंबीर, तिसऱ्यात पुदिना, कठड्याला टेकून मुळे आणि गाजरं. मामानं ताईला जन्मात दुसरं काही दिलं नव्हतं. द्यायला गेला नव्हता असं नाही, पण कापड नेलं की ती म्हणायची, "परत करून ये जा. माझ्याकडं काय कमी आहेत?" चप्पल नेली की "मला चावते." डबे मात्र तिनं हक्कानं मागितले. "अजून आण रे, पालकाला जागा पुरत नाही." नवरा गेल्यावर जी बाई भिंतीकडं तोंड करून पडून असायची, तिला या डब्यांनी उठवून गच्चीवर नेलं होतं. हे मामाला ठाऊक होतं, ताईलाही. बोलून कुणी दाखवलं नव्हतं.

आणि आता चिऊ आईकडं आली होती. दिवस गेले होते तिला, पोट दिसायला लागलं होतं. नवरा दूरच्या कामावर. अन्नाचा वास आला तरी तिचं तोंड वाकडं व्हायचं, पण आईच्या गच्चीवरचा पालक तेवढा पोटात ठरायचा. ताई रोज दुपारी टोपली घेऊन गच्चीवर जायची आणि येताना गळ्यात पदक पडल्यासारखी उतरायची.

अशात एक दिवस कारखान्याची गाडी आली.

जुन्या बॅटऱ्या न्यायला ही गाडी ठरलेली. अलीकडं नियम कडक झाले होते. बॅटरी फोडायची नाही, ओतायची नाही. अख्खी, उभी, झाकण लावून गाडीत चढवायची. मामा बहुतेक तसंच करायचा. पण एखादी जुन्या घडणीची बॅटरी हाताखाली आली की त्याचे हात शिवशिवायचे. गाडीवर एक बाई असायची, जाड बुटांची, कमरेला हातमोजे लटकवलेली, तोंडानं फटकळ. त्या दिवशी बॅटऱ्या मोजून घेता घेता ती पाणी प्यायला मागं आली आणि तिनं मोरीतला फेस पाहिला.

"हे काय चाललंय मामा? सरबत?"

"डबा धुतोय." मामा खुशीत आला. "बघा हां आता. हा शेवटचा सोडा. आला फेस? नाही आला. आता यात दूध तापवा."

बाईनं हातमोजे चढवले. काउंटरवरचा स्क्रू-ड्रायव्हर उचलला, डबा उलटा करून निथळवला आणि तळाच्या कंगोऱ्यातून टोक खरवडून बाहेर काढलं. टोकावर राखाडी लेप.

"सोड्यानं ॲसिड मेलं," ती म्हणाली. "कबूल. शिसं कुठं गेलं?"

मामानं वाकून टोकाकडं पाहिलं.

"हा गाळ आहे, प्लेटांचा. हा सोड्याला भीक घालत नाही. फेस येत नाही म्हणजे आंबट संपलं एवढंच. विष आहे तिथंच आहे. वरून गोड लागतं मेलं."

"जिभेला लावून बघतो मी दर वेळी," मामा म्हणाला आणि म्हणता म्हणताच त्याची जीभ टाळ्याला चिकटली.

"शाबास! आमच्या कारखान्यात यंत्रानं फोडतात, तोंडाला मुसकं बांधून, आणि वर रक्त तपासतात सगळ्यांचं. शिसं अंगात गेलं की हाडात घर करतं. एक पोरगी होती आमच्यात, पोटुशी राहिली. कळलं त्या दिवशी तिला तिथून हलवलं, दुसऱ्या इमारतीत बसवलं. का, तर आईच्या हाडातलं बाळाकडं जातं. पोराच्या डोक्यावर परिणाम होतो." तिनं स्क्रू-ड्रायव्हर कागदात गुंडाळला. "या धुतलेल्या डब्यांचं काय करता?"

मामाच्या डोळ्यांसमोर अख्खी गच्ची उभी राहिली, उन्हातली, हिरवीगार.

"भंगारात टाकतो," तो म्हणाला.

"टाकू नका. मला द्या, अख्ख्या बॅटरीसकट. उघडूच नका." ती निघाली. गाडी बोळातून मागं मागं जात नाहीशी झाली आणि मामा मोरीजवळ उभा राहिला, हातात सोड्याचा पुडा.

त्यानं तेव्हाच जायला हवं होतं. दुकान बंद करून, चपला हातात घेऊन धावत. पाय ताईच्या घराकडं निघालेही. पण जिना चढताना वरून ताईचा आवाज आला. ती शेजारणीला सांगत होती, "बाजारातली पालेभाजी घरात येत नाही हो माझ्या. काय फवारतात काय नाही! आमची आपली गच्चीवरची, भावानं दिलेल्या डब्यांतली. पोरीला तेच पचतं." मामाचा पाय पायरीवर अडकला. वर गेला तेव्हा तोंडात वाक्य तयार होतं, पण ताईनं ताट वाढलं होतं, चिऊ पाटावर बसून पोटावर हात फिरवत होती, आणि मधे पालकाच्या भाजीचं पातेलं वाफ सोडत बसलं होतं.

"मामा, आज काही बोलत नाहीस ते?" चिऊनं विचारलं.

"भूक लागलीय," मामा म्हणाला, आणि त्यानं पातेलं आपल्याकडं ओढलं.

त्याला दुसरं काही सुचलंच नाही. अर्धी भाजी त्यानं आपल्या ताटात घेतली, ती संपवून उरलेलीही घेतली. चिऊच्या ताटात डावभर पडली होती, तीही "तुला जास्त झाली ना गं?" म्हणत काढून घेतली. घास पाण्याबरोबर ढकलत राहिला. आपण खाल्ली तेवढी तिच्या पोटात गेली नाही, हा त्याचा हिशेब. ताई मात्र हरखून गेली.

"अगं बघितलंस का! जन्मात पालक म्हटलं की नाक मुरडणारा हा. आज माझ्या भाजीचं सार्थक झालं."

दुसऱ्या दिवशी तिनं मोठं पातेलं चढवलं.

असे काही दिवस गेले. रोज मामा ठरवून यायचा आणि रोज भाजी गिळून जायचा. ताई रोज जास्त करायची, चिऊच्या वाट्याला रोज थोडी तरी जायचीच. रोज सकाळी दुकानात तो स्वतःशी पाठ करायचा: ताई, ते डबे विषारी आहेत. एवढं साधं वाक्य. पण त्याच्या पोटात आणखी एक वाक्य लपलेलं होतं: मी तुला आयुष्यात एकच गोष्ट दिली आणि ती ही. ते वाक्य आलं की पहिलं मागं सरायचं.

मग त्यानं शक्कल लढवली. कुंभाराकडून हातगाडीभर मातीच्या कुंड्या आणल्या, घामानं निथळत एकेक करून गच्चीवर चढवल्या.

"हे काय रे?" ताई म्हणाली.

"तुला भेट. ते डबे आता जुने झाले. काळे, भेसूर दिसतात. टाकून देऊ. माती पण टाकून देऊ. मी नवी आणतो पोतंभर."

ताई कुंडीच्या काठावरून बोट फिरवत राहिली. तिचे डोळे भरून आले. "एवढा खर्च कशाला केलास? वेडाच आहेस." पदरानं डोळे पुसून तिनं वर पाहिलं. "आणि माती का टाकायची? वर्षानुवर्षं खतवलेली माती आहे ती. अशी माती विकत मिळते का?"

"मिळते. चांगली मिळते. तू आज काही हलवू नकोस, उद्या मी येतो नि करतो सगळं."

"बरं बाई, बरं," ताई म्हणाली. ताईचं "बरं बाई" म्हणजे नाही, हे मामाला जन्मापासून माहीत होतं. तरी तो घरी गेला. समाधानानं गेला, हेच त्याला पुढं सगळ्यात जास्त टोचत राहिलं. सांगावं न लागता सुटलो, असं त्याला वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गच्चीवर पोचला तर गच्ची लालेलाल. कुंड्या ओळीनं भरलेल्या, रोपं हललेली, पाणी घातलेलं. काळा डबा एकही दिसेना. ताई कमरेवर हात ठेवून शेतकरणीसारखी उभी.

"तू दुकान सोडून कुठं येत बसतोस म्हणून आम्हीच उरकलं. बघ, एक रोप मेलं नाही."

"माती कुठली घातलीस?" मामाचा आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला.

"कुठली म्हणजे? तीच. चाळून घेतली छान, भुरभुरीत. चिऊनं चाळली सगळी, तिला माती मळायला भारी आवडतं, लहानपणापासूनचंच ते."

"आणि डबे?"

"वाटले. एवढे मजबूत डबे कोण टाकतं? शिंपीणबाईनं नेले दोन-तीन, कोथिंबीर लावणार म्हणाली. न्हाव्यानं नेले, चहावाल्यानं कोंबड्यांना पाणी ठेवायला नेला एक. सगळ्यांना सांगितलं, माझ्या भावाकडून."

चिऊ कठड्याजवळ बसली होती. कोपरापर्यंत हात मातीनं भरलेले, नखांत काळं, कपाळावर मातीचा एक फराटा, आणि चेहऱ्यावर पोट वाढल्यापासून न दिसलेली टवटवी. तिनं पुदिन्याचं एक पान खुडलं, त्याच मातीच्या बोटांनी, आणि तोंडाकडं नेलं.

मामानं झडप घातली. तिच्या हातावर फटका मारला, खाडकन. पान उडून कुंडीत पडलं.

या माणसानं चिऊवर कधी आवाजही चढवला नव्हता. चिऊ हात छातीशी धरून बघत राहिली.

"तुला भूत लागलंय का?" ताई ओरडली. "दिवस गेलेल्या पोरीवर हात टाकतोस?"

"खाऊ नको," मामा म्हणाला. "थुंक. तोंडात काही असेल तर थुंक. ताई, तिचे हात धू. आधी हात धू, मग मला काय बोलायचं ते बोल. त्या डब्यांत शिसं होतं. मातीत आहे. भाजीत आहे. पोटातल्या बाळाला..." वाक्य अर्धं सोडून त्यानं कुंडीतलं ते पान उचललं आणि मुठीत धरलं.

ताईनं काहीही विचारलं नाही. तिनं चिऊला दंडाला धरून उठवलं आणि खाली नळाकडं नेलं. मामा मागोमाग गेला आणि दाराच्या बाहेर थांबला. ताईनं साबण लावून चिऊचे हात धुतले, पुन्हा लावून पुन्हा धुतले, मग ब्लेड आणून तिची नखं कापली, एकेक, अगदी मुळाशी, कागदावर झेलत. मामा कोवळ्या वयात उस्तादाकडं कामाला लागला तेव्हा ताई त्याची नखं अशीच कापायची, उंबऱ्यात बसवून. "विष असतं त्यात," असं म्हणायची, काहीही माहीत नसताना. चिऊला कपडे बदलायला पाठवून ती बाहेर आली.

"नीट सांग."

त्यानं सांगितलं. सोडा, फेस, गाळ, गाडीवाली बाई काय म्हणाली ते. ताई ऐकत होती. सगळं ऐकून तिनं एकच विचारलं.

"तुला कधी कळलं?"

"आज," असं म्हणता आलं असतं. शब्द जिभेवर येऊन बसलाही होता. आज कळलं आणि धावत आलो. भाऊ निर्दोष, फार तर अडाणी. मामानं जमिनीकडं पाहिलं.

"गाडी आली त्या दिवशी."

"म्हणजे तू पालकाचं पातेलं ओढलंस तेव्हा."

"हो."

"आणि मला वाटलं, तुला आवडली."

"चिऊला कमी पडावी म्हणून खात होतो गं ताई."

ताईच्या ओठांचा कोपरा हलला. हसू होतं की रडू, कळेना. पुढच्या क्षणी तिचा चेहरा भिंतीसारखा झाला. "तुला माहीत नव्हतं तोवरचं मी तुझ्या माथी मारणार नाही. माझ्याच हातानं वाढलं मी ते. पण त्या दिवसापासून आजपर्यंत रोज माझ्या पोरीच्या ताटात मी विष वाढत होते आणि तू समोर बसून बघत होतास. तोंड शिवलं होतं तुझं?"

ताईनं हातातल्या, नखं झेललेल्या कागदाची घट्ट घडी घातली.

"तुला माझं वाईट वाटेल म्हणून गप्प बसलास की तुझं?"

याचं उत्तर ताईला आधीच कळलेलं होतं.

"नीघ," ती म्हणाली. "डबे गोळा करून आण. आणि प्रत्येक दारात खरं सांगायचं. 'ताईला परत हवेत' म्हणायचं नाही. 'दुसरे देतो' म्हणायचं नाही. का हवेत ते सांगायचं. मी चिऊला घेऊन दवाखान्यात चालले."

तो गेला. शिंपीणबाईनं आधी हसण्यावारी नेलं. "दिलेलं परत मागतोस मामा? कुत्रं व्हशील पुढच्या जन्मी!" पण त्याचा चेहरा बघून तिचं हसू विरलं. तिनं नव्या डब्यांबरोबर जुना, रिळांचाही आणून दिला, आणि आपली बोटं लुगड्याला पुसत राहिली. रिळाचा दोरा दातांनी तोडायची सवय होती तिला. न्हावी म्हणाला, "गुलाब कोण खातंय?" मग म्हणाला, "फुलं देवळात... नाही, घे, घेऊन जा. नकोच." चहावाल्यानं शिवी दिली. कोंबड्यांनी पाणी प्यायलं होतं, अंडी गिऱ्हाइकांनी खाल्ली होती. त्यानं अख्ख्या गिऱ्हाइकांसमोर दिली शिवी. मामानं मान खाली घालून घेतली आणि डबा उचलला. ती शिवी त्याला त्या दिवसातली सगळ्यात सोपी गोष्ट वाटली.

मग त्यानं गाडीवाल्या बाईला फोन केला.

"तुम्ही तर भंगारात टाकता म्हणाला होतात," ती म्हणाली.

"खोटं बोललो."

मग ती कामाचं बोलायला लागली, आणि त्याबद्दल मामानं मनातल्या मनात तिचे पाय धरले. माती ओली करा, धूळ उडू देऊ नका. जाड पिशव्यांत भरा, तोंडं बांधा. रोपांसकट, मुळांसकट, फेकू नका, जाळू तर नकाच. कुंड्या पण त्यातच. झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं आणि ते फडकंही पिशवीत. आमच्या गाडीत माती येत नाही, पण असल्या कचऱ्याची वेगळी गाडी असते, ती पाठवते. तोंडाला बांधा. आणि तुमचंही रक्त तपासून घ्या.

गच्ची त्यानं एकट्यानं रिकामी केली. ताईनं दारातून पाण्याची बादली पुढं सरकवली, मदतीला आली नाही, आणि त्यानंही हाक मारली नाही. गाजरं उपटली तेव्हा चांगली वीतभर, केशरी, रसरशीत निघाली. एवढं विष पिऊन इतकी देखणी. पिशवीत टाकताना त्याचा हात थबकला. गच्ची पुसून झाली तेव्हा फरशीवर डब्यांच्या जागी फिकट चौकोन उरले होते, उन्हानं न रापलेले. ते कितीही घासले तरी जाईनात.

चिऊच्या रक्तात शिसं निघालं. असायला नको तेवढं. पण डॉक्टरीणबाई म्हणाली, वेळेत थांबलं. दूध, चांगला आहार, परत तपासणी, पुन्हा परत. बाळाचं? बाळाचं आत्ता काही सांगता येत नाही, लक्ष ठेवू. हे "सांगता येत नाही" मामा घरी घेऊन आला आणि त्याच्यासोबतच राहू लागला.

दुकानात आता बॅटरी उघडायची बंद. आलेली मेलेली बॅटरी झाकण आवळून, उभीच्या उभी, काठ असलेल्या ट्रेमध्ये ठेवायची. हात शिवशिवले तर खिशात. न्हावी येता-जाता डोकावायचा. "काय मामा, आज दूध तापवलं नाही?" मामा हसायचा, हसून होईतो दुसरीकडं बघायचा.

दुपारचं जेवण सुटलं नाही. तो आपणहून जाईना, तेव्हा चिऊच बोळाच्या तोंडाशी येऊन उभी राहिली, पोट पुढं करून, लहानपणीसारखी. "मामाऽ! ताट निवतंय." दारात ताई उभी असायची, हात पुढं करून. "दाखव." मामा दोन्ही पंजे पुढं करायचा, आधी तळवे, मग नखं. शर्ट बाहेरच उतरवून ठेवायचा. ती बघायची, कधी पुन्हा नळाकडं पाठवायची. बोलणं तेवढंच. भाजी बाजारातली असायची. ती चांगली झाली का हे तिनं त्याला पुन्हा कधी विचारलं नाही.

चिऊची दुसरी तपासणी आली तेव्हा आकडा खाली आलेला होता. चिऊनं कागद त्याच्या नाकासमोर नाचवला. "आता तरी जेव की नीट!" मामानं कागद घेतला, वाचला, घडी घातली, उलगडून पुन्हा वाचला. ताई भांडी घासत होती, तिचे हात थांबले होते. मामाला वाटलं, आता ती काहीतरी म्हणेल. ती म्हणाली, "सगळे डबे आले का?"

"गल्लीतले आले."

"गल्लीतले," ताई म्हणाली, आणि परत घासायला लागली.

आयुष्यभर वाटले होते त्यानं. घर सोडून गेलेल्यांनी नेले होते, ट्रकवाल्यांनी बायकांसाठी नेले होते, कुणाचं नाव आठवत होतं, कुणाचं तोंड, कुणाचं काहीच नाही. उस्तादानं वाटलेले वेगळेच. तेव्हापासून मामाला रस्त्यानं खाली बघून चालता येईना. मान वर, खिडक्या, सज्जे, गच्चीचे कठडे बघत. दोनदा हातगाडीवर आपटला. लोकांना वाटलं म्हातारपण.

एका दुपारी दूरच्या एका वस्तीत कुणाच्या मोटारीला बॅटरी बसवून तो परत निघाला होता. दुसऱ्या मजल्यावरच्या एका खिडकीत काळा डबा होता. कप्प्यांचा. त्यात कोवळी कोथिंबीर, आणि दोरीवर लहान मुलाचे मोजे वाळत घातलेले. त्याला ते घर माहीत नव्हतं, तो डबा त्यानंच दिलेला की आणखी कुणी, तेही माहीत नव्हतं. त्यानं अवजारांची पिशवी खाली ठेवली, पँटला हात पुसले, जिना चढला आणि बेल वाजवली.

एका तरुण बाईनं दार फटीएवढं उघडलं. "कोण पाहिजे?"

"मी बॅटरीवाला," मामा म्हणाला. "तुमच्या खिडकीतल्या डब्याबद्दल बोलायचंय. आधी तेवढी कोथिंबीर खाऊ नका. मग मला हवं ते बोला."